संयुक्त खातं

संयुक्त खात्यात कुणी किती भरले, हे बँक विचारीत नाही. पत्रं मात्र पहिल्या नावाला जातात. दुसऱ्या नावाने जन्मभर नुसत्या सह्या कराव्यात! आता यात अन्याय आहे की नुसती सोय?

१९६७ साली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी असंच एक खातं उघडलं : ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. तीही मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून सळई फिरवीत वाजवलेली. तबल्यावर माणिकराव पोपटकर. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस.

पुढे कीर्तीची पत्रं संतूर-बासरीच्या पत्त्यावर फार आली. आमच्या वाशिममध्ये काबरांचं नाव काढा, समोरचा म्हणतो, “कोन बा? किराणावाले काय?” पोपटकरांचं तर विचारूच नका.

आमचे एक सहकारी म्हणतात, “ज्याचं नाव मोठं, त्याचा वाटा मोठा.” मी म्हणतो, साहेब, हिशेब करून बघा. गिटार काढून घ्या; बासरी एकटी पडते, संतुराला बोलायला कुणी उरत नाही. तबला काढा, मेंढपाळ चालायचाच थांबतो. व्याज साऱ्या शिलकीवर लागतं, नावावर नाही.

कीर्तीची वाटणी आपल्या हाती नाही, कबूल. पण ते व्याज आपण घरबसल्या खातो ना? मग निदान खालच्या सह्या तरी वाचाव्यात!