वाफसा थांबत नाही

माझ्या कॉमिकचे चार भाग झाले, तोवर माझ्या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये सहाशेहून जास्त कमिट झाले होते. कमिट म्हणजे कोडमध्ये बदल करून जपून ठेवलेली एकेक नोंद. हे आकडे मी मित्रांना कौतुकानं सांगायचो. चार भागांसाठी सहाशे बदल कशाला लागले, असं कुणी विचारलं नाही. मित्र सगळे इंजिनिअर. त्यांना सहाशे कमीच वाटले असतील.

कॉमिकचं नाव ‘पाटकरी’. माझे आजोबा, म्हणजे बाबा, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. तिथून सुटलेलं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत विभागलं जातं. देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या बाजूला उजव्याचं पाणी. आवर्तन सुटलं की कुणाला किती तास पाणी, कुणानंतर कुणाची पाळी, रात्री कुणी दारं फोडलं, हे बघत सायकलवर चाऱ्यांच्या कडेनं हिंडणं ही बाबांची नोकरी. शहरात वाढलेल्या वाचकासाठी सांगतो: आमच्याकडं ‘दारं धरणं’ म्हणजे सरीत पाणी वळवणं. त्याचा घराच्या दाराशी संबंध नाही.

मार्च २०२० मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो. दिवसा ऑफिसचं काम, रात्री ओट्यावर बाबा. त्यांच्या गोष्टी मी फोनवर रेकॉर्ड करायला लागलो. एकतीस गोष्टी झाल्या. मला कॉलेजपासून चित्रं काढायचा नाद, त्यामुळं त्यांचं कॉमिक करायचं हे ओघानंच ठरलं. बाबांना अक्षरओळख होती, पण सलग वाचायचा कंटाळा. चित्रं मात्र ते बारकाईनं बघायचे. “तू काढ, मी बघतो,” एवढंच ते म्हणाले. मी “हो बाबा, काढतो” म्हणालो. या लेखातला वचनाचा भाग एवढाच.

आता सॉफ्टवेअर कुठून आलं? आधी टाकणार होतो इन्स्टाग्रामवरच. पण २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. त्या बंदीची कारणं बरोबर की चूक, हा वेगळा विषय. आमच्या भागातली शेतात, गोठ्यात, बांधावर व्हिडिओ करणारी कितीतरी पोरं एका रात्रीत प्रेक्षकांसकट गायब झाली, एवढं मी पाहिलं. त्याआधी जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४ मध्ये. दुसऱ्याच्या रानात विहीर खणली की पाणी आपलं नसतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून ठरवलं की स्वतःची साइट करायची. वर्डप्रेससुद्धा नको, सगळं स्वतः लिहायचं.

हा निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. त्यातली मजाही खरी होती. कॉमिकच्या फुग्यातला मजकूर चित्रात रंगवून टाकला तर तो शोधता येत नाही आणि लहान स्क्रीनवर वाचताना डोळे फुटतात. म्हणून मी फुग्यांत खरा, जिवंत मजकूर ठेवायचं ठरवलं. बाबांचं बोलणं एकेक अक्षर उमटत जावं, असा कोडही लिहिला. पहिल्याच चाचणीत ‘पक्षी’मधल्या ‘क्षी’चे तुकडे झाले. आपल्याला ते एक अक्षर दिसतं, पण संगणकाच्या हिशेबी ते चार असतात: क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी. हे नीट होईपर्यंत तीन आठवडे गेले. झालं त्या रात्री मला जो आनंद झाला, तो कुठलंही चित्र पूर्ण करून झाला नव्हता.

तिथंच खरं तर थांबून विचार करायला हवा होता.

कोडला एक सोय असते. चाचणी पास झाली की हिरवी खूण येते. काम झालं की नाही याबद्दल वाद उरत नाही. चित्राला हिरवी खूण नसते. बाबांचा चेहरा मी दहादा काढला आणि दहाही वेळा तो कुठल्यातरी पाठ्यपुस्तकातल्या म्हाताऱ्याचा वाटला. अकराव्यांदा काढण्यापेक्षा फोटोंचं आकारमान कमी करणारा कोड सुधारणं सोपं होतं. ‘मी आळशी नाही, रोज रात्री एकपर्यंत जागतोय’ हे मी छातीठोकपणे म्हणू शकत होतो. आळशी माणसाला निदान आपण काही करत नाही हे ठाऊक असतं. मला तेही ठाऊक नव्हतं.

शिवाय माझ्याकडं एक थोर साक्षीदार होता: गणपत कृष्णाजी. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यात काम केलेला हा माणूस. मिशनरी आपल्या धर्माची पुस्तकं छापतात, मग आपलीही छापावीत असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी दगडाचे लहान तुकडे जमवून त्यांवर अक्षरं उमटवून बघितली, लाकडी यंत्र तयार केलं, शाई स्वतः करून पाहिली. शाईत चरबी असते म्हणून छापील पुस्तकाला शिवायला कचरणारे लोक तेव्हा होते; त्यांच्यासाठी गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. पुढं खिळेही स्वतः पाडले. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये त्यांची हकिगत आहे.

ती वाचून मी हरखून गेलो. यंत्र स्वतःचं, शाई स्वतःची, अक्षरं स्वतःची! हेच तर मी करत होतो. माझ्या साइटच्या कोडमध्ये एका फोल्डरला मी ‘गणपत’ नाव दिलं होतं.

एक साधी गोष्ट मला दिसली नाही. त्यांनी छापलं ते पंचांग होतं. पंचांगाला तारीख असते. ते पाडव्याला लोकांच्या हातात पडायला हवं. श्रावणात पडलं तर चार महिन्यांचे सण, एकादश्या, मुहूर्त फुकट गेले. शाई कितीही सुंदर जमली तरी चैत्र तिच्यासाठी थांबणार नव्हता. त्यांच्या यंत्राच्या मागं एक वाट बघणारा माणूस होता आणि त्याची तारीख ठरलेली होती. शाईतलं तूपसुद्धा त्या वाचकासाठी होतं. माझ्या यंत्रामागंही एक माणूस होता. तारीख मात्र मी ठरवली नव्हती, आणि त्याच्यासाठी तूप घालायचं म्हणजे काय करायचं, याचा विचारही केला नव्हता.

कुणी म्हणेल, हत्यार घडवण्यात वेळ घालवणारे सगळेच चुकतात असं कुठंय? अगदी बरोबर. डोनाल्ड क्नूथचं उदाहरण घ्या. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा त्याचा ग्रंथ खंडाखंडानं निघत होता. तिसरा खंड १९७३ चा. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि त्यातल्या अक्षरांचा भोंगळपणा त्याला बघवेना. मग त्यानं ग्रंथ बाजूला ठेवून अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं. लवकर उरकेल असं वाटलं होतं, पण साधारण दशकभर लागलं. चौथ्या खंडाचा पहिला भाग पुस्तक म्हणून आला २०११ मध्ये. पण ते सॉफ्टवेअर, टेक, आज जगभरचे गणिती वापरतात आणि क्नूथनं ते सगळ्यांना मोकळं दिलं. ग्रंथाच्या वाचकांना थांबावं लागलं, हे खरं. त्या बदल्यात कितीतरी जणांना हत्यार मिळालं, हेही खरं.

या उदाहरणावर मी बराच घोटाळलो. माझं सॉफ्टवेअर मीच वापरत होतो, म्हणून क्नूथ बरोबर आणि मी चूक, एवढाच फरक का? म्हणजे ते लोकप्रिय झालं असतं तर माझा उशीर माफ? मला ते पटत नाही. आणि निव्वळ आनंदासाठी हत्यार घडवणं वाईट असंही मी मानत नाही. रविवारी कुणी विनाकारण सुतारकाम केलं तर त्यात कुणाचं काय जातं?

प्रश्न वेगळा आहे. मी तो वेळ कुणाच्या खात्यातून काढत होतो? ‘हे सगळं बाबांसाठी चाललंय’ असं मी म्हणत होतो. ज्याच्या नावावर काम चाललंय त्याचं घड्याळ एकदाही न बघता ते करत राहायचं, यात मला आता लबाडी दिसते. ती मुद्दाम केलेली नव्हती, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

तिसऱ्या भागातली गोष्ट बाबांचीच होती. एका बाईची पाळी संपली होती, पण तिचा शेवटचा वाफा कोरडा राहिला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं हात जोडले. बाबांनी अर्धा तास दार उघडं ठेवलं. पहाटे टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला गेले, तर तिथला म्हातारा कोरड्या सरीत फावडं घेऊन उभा. तो भांडला नाही. “आज लवकर आटलं का हो?” एवढंच त्यानं विचारलं. बाबा म्हणायचे, “मी तिला अर्धा तास दिला असं मला वाटलं. माझ्याकडं कुठला अर्धा तास होता? तो त्याचा होता.”

ही गोष्ट मी चौदा चौकटींत काढली. संवाद एकेक अक्षर उमटेल असे केले. आणि तिचा अर्थ मला लागला नाही.

२०२२ च्या दिवाळीत चौथा भाग दाखवायला मी लॅपटॉप बाबांसमोर धरला. चित्रात मधोमध कालवा होता आणि डाव्या कोपऱ्यात झाडाला टेकवलेली सायकल. बाबांनी बराच वेळ बघितलं.

“सायकल कुठंय?”

“ही काय, बाबा.”

मी बोट ठेवलं. त्यांनी अख्खी मान वळवली, मग म्हणाले, “हां. आहे आहे.”

नगरला डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांचा काचबिंदू. यात नजर बहुतेकदा कडेनं आत सरकत जाते, दुखत नाही, त्यामुळं कळतही नाही. मोतीबिंदूसारखी ऑपरेशननं परत येत नाही. बाबांची बरीच आधीच गेली होती. थेंब सुरू झाले, पण पुढच्या वर्षभरात राहिलेलीही गेली. एकतीस गोष्टींपैकी त्यांनी चित्रात बघितल्या चार, आणि चौथी अर्धीच.

ती दोन वर्षं मी वरच्या अंगाला दारं उघडी ठेवून बसलो होतो. टेलला बाबा होते.

नजर गेल्यावर एकदा मी त्यांना खरं सांगितलं. मशीन करण्यातच वेळ गेला म्हणालो. वाटलं चिडतील. ते म्हणाले, “वाफशावर औत पाहिजे. औतासाठी वाफसा थांबत नसतो.” वाफसा म्हणजे पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नसते आणि टणकही नसते, ते मोजके दिवस. पेरणी तेवढ्यात साधायची. औत जुनं असेल, शेजाऱ्याकडून मागून आणलेलं असेल, तरी चालतं. नवं औत घडवायला उन्हाळा असतो.

इन्स्टाग्राम हे ते शेजाऱ्याचं औत होतं. तिथं टाकलं असतं आणि मागाहून सावकाश स्वतःच्या साइटवर आणलं असतं, तर काय बिघडलं असतं? एवढी साधी वाट मला सुचली नाही, कारण स्वातंत्र्य आणि घाबरटपणा माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले होते. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर जायचं नव्हतं, हे खरं. आणि चित्रं कुणाला आवडणार नाहीत अशी धास्ती होती, हेही तितकंच खरं. पहिलं कारण चारचौघांत सांगता येत होतं. दुसरं त्याच्या आड बसलं होतं.

आता बाबांना मी चौकट वाचून दाखवतो. “बाबा, रात्र आहे. चारीच्या कडेला तुम्ही उभे आहात. हातात कंदील.” ते मधेच थांबवतात. “कंदील कशाचा? बॅटरी होती. आणि सायकलला डायनामो.” मी ते चित्र पुन्हा काढतो. पूर्वी ते पूर्ण झालेलं चित्र बघून नुसती मान हलवायचे. आता चित्र होण्याआधीच चुका काढतात. हे चांगलं झालं असं म्हणायची माझी हिंमत नाही. गेलेली नजर ही त्याची किंमत असेल तर हा सौदा कुणी करणार नाही.

याच वाचून दाखवण्यामुळं माझ्या सॉफ्टवेअरमधली एक रिकामी जागा मला दिसली. प्रत्येक चित्रासोबत त्याचं शब्दांत वर्णन ठेवायची सोय एचटीएमएलमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वर्णन मोठ्यानं वाचतो. माझ्या कोडमध्ये त्या ओळीशेजारी मीच लिहून ठेवलं होतं: ‘नंतर’. सहाशे कमिट झाले, आणि बाबांना खरोखर लागणार होती ती एकच गोष्ट नंतरवर ढकललेली. ती लिहायला चाळीस मिनिटं लागली. तूप घालायचं ते इथंच होतं.

सध्या अकरा भाग झाले आहेत. मी स्वतःला एकच नियम लावलाय: भाग आधी, सॉफ्टवेअरची दुरुस्ती नंतर, आणि तीही त्या भागाचं कशामुळं तरी अडलं तरच. नियम मोडतो. मागच्या महिन्यात रंगसंगती बदलायचं बटण करण्यात दोन रात्री घालवल्या. कुणी मागितलं नव्हतं.

अजून वीस गोष्टी उरल्यात. बाबा ब्याऐंशीचे आहेत. काल जेवताना त्यांनी विचारलं, “आता कुठली घेतलीस?” मी म्हणालो, “ओझरच्या बंधाऱ्यावर मुक्काम केलात ती.” ते म्हणाले, “त्यात पाऊस होता, लक्षात ठेव.” फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये पावसाचा उल्लेखच नाही. मी ताट सरकवून वही काढली.