मुलांचे छायाचित्र व खरेपणा

आपल्या मुलांचे घरच्या घरी चांगले छायाचित्र कसे काढावे, हा प्रश्न कित्येकांस किरकोळ वाटेल. मोबाइल उचलावा, बोट लावावे, झाले. ह्यात विचार करण्याजोगे ते काय? तथापि ह्या लहान प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. तो असा की, चांगले चित्र कोणते? मूल जसे आहे तसे दाखविणारे, की ते जसे असावे असे आईबापांस वाटते तसे दाखविणारे?

माणगावाकडील कित्येक कुटुंबांत बाप पोटासाठी मुंबईस असतो, कोणी आखाती देशांत असतो. लेकरू रांगू लागले, त्याचे दुधाचे दात पडले, शाळेचा पहिला गणवेश अंगावर चढला, हे सारे त्यास चित्रांवरूनच पाहावयास मिळते. अशा बापाजवळ ते चित्र मुलाच्या वतीने साक्ष देत असते. साक्षीदार गोड बोलतो किंवा नाही हे आपण पाहत नाही, तो खरे बोलतो किंवा नाही हे पाहतो. चित्राचीही परीक्षा तीच होय.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘आईने आपल्या मुलाला नटविले तर त्यात पाप ते कोणते?’ काहीच नाही. परंतु नटविणे निराळे व फसविणे निराळे. १९१९ साली दादासाहेब फाळके ह्यांनी ‘कालिया मर्दन’ हा चित्रपट केला, व त्यात आपली लहान मुलगी मंदाकिनी हिला बाळकृष्णाचे काम दिले. चित्रपटाच्या आरंभी त्यांनी ती मुलगीच प्रेक्षकांपुढे आणली व तिच्या मुद्रेवरील निरनिराळे भाव दाखविले. कृष्णाचे सोंग त्यानंतर. सोंग हे सोंग म्हणून दाखविले म्हणजे तो खेळ होतो आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही. पण मुलाचा चेहराच बदलून टाकावा आणि ‘हा पाहा आमचा मुलगा’ असे म्हणावे, हा खेळ नव्हे.

आज हे बदलणे फार सोपे झाले आहे. पुष्कळ मोबाइलांत चेहरा उजळ व गुळगुळीत करणारी सोय असते, आणि कित्येकांत ती आपण न सांगताच चालू असते. सावळे पोर चित्रात गोरे होऊन निघते व घरची माणसे म्हणतात, ‘वा! किती छान आला आहे!’ हे शब्द मूल ऐकते. त्यावरून ते मनाशी समजते की, चित्रातला मी छान आहे, आरशातला नाही. निर्माणकर्त्याने दिलेला वर्ण प्रथम आईबापांच्याच हातून नापसंत व्हावा, ही मोठी दुःखाची गोष्ट होय. असा धडा शाळेतील धड्यांपेक्षा खोल जातो.

यंत्र खोटे बोलत नाही असा लोकांचा समज आहे. तो बरोबर नाही. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत तिच्या अभ्यासकांची संस्थाही निघाली. त्या काळच्या काचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम होई, तांबड्याचा जवळजवळ होत नसे. आमच्या त्वचेवरून परतणारा प्रकाश तांबूस असल्यामुळे आमचे वाडवडील त्या चित्रांत होते त्याहून अधिक काळे उमटत. मग काचेवर पेन्सिल फिरवून चेहरे उजळून देत. पुढे रंगीत फिल्म आली. रंग जुळविण्यासाठी अमेरिकेतील कोडक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचे चित्र नमुना म्हणून देत असे. त्यास ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती नीट दिसली म्हणजे रंग नीट, असा नियम होता, व सावळ्या चेहऱ्यांतील बारकावे त्यात बुडून जात. चॉकलेट व लाकडी सामान ह्यांचे तपकिरी रंग ठीक उमटत नाहीत, अशी त्या मालाच्या कंपन्यांनी तक्रार केली तेव्हा सुधारणेस जोर आला, असे कोडकमध्ये काम केलेल्यांनीच सांगितले आहे. माणसाच्या लेकरापेक्षा मिठाईची कदर आधी झाली! तेव्हा यंत्राने ठरविलेला रंग आपण मुकाट्याने मान्य करू नये.

मग करावे काय? उत्तम प्रकाशाची जागा आमच्या खेड्यांतील घरांत आहेच, ती म्हणजे पडवी. मुलास पडवीच्या कडेपासून हातभर आत, अंगणाकडे तोंड करून बसवावे. वर छप्पर असल्यामुळे ऊन अंगावर पडत नाही, समोरचा मऊ उजेड डोळ्यांत उतरतो, आणि मागे घरातील काळोख असल्याने चेहरा उठून दिसतो. भर दुपारचे ऊन टाळावे, कारण त्याने डोळ्यांच्या ठिकाणी काळ्या खाचा दिसतात. पावसाळ्यातील ढगाळ दिवस मात्र चांगला. ढग हा सूर्यापुढील पडदाच होय. मुलासमोर जमिनीवर धुतलेले पांढरे धोतर अंथरले तर हनुवटीखालची सावली हलकी होते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसवू नये. भिंतीचा उजेड पाहून यंत्र सगळेच चित्र मंद करते व सावळा चेहरा काळवंडतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यास बोट लावावे, म्हणजे यंत्र चेहऱ्यावरील उजेड पाहून चित्र घेते. चेहरा उजळणारी सोय बंद करावी व पावडर थापू नये. मोबाइल तोंडाशी नेऊ नये, त्याने नाक मोठे दिसते. चार हात मागे सरावे.

आणि खाली बसावे. उभ्याने चित्र काढले तर मुलाचे डोके मोठे व पाय तोकडे दिसतात. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे, म्हणजे ते जगाकडे कसे पाहते हे कळते. ‘हस, हस’ असा तगादा लावू नये. हुकुमाचे हसू तोंडावर येते, डोळ्यांत येत नाही. त्याच्या हाती वालाच्या शेंगा सोलावयास द्याव्या, किंवा त्याला कोंबडीच्या पिलांशी खेळू द्यावे, आणि वाट पाहावी. ते आपणांस विसरले की त्याचे खरे रूप दिसते.

शेवटी, चित्र काढल्यावर ते कोणाचे? बापास पाठवावे, आजीस दाखवावे. परंतु न्हाणीतले, रडतानाचे किंवा फजितीचे चित्र दहा लोकांत फिरवू नये. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या बालहक्कांच्या कराराने मुलालाही खासगीपणाचा हक्क दिला आहे, व १९९२ साली भारताने तो करार मान्य केला. मूल बोलू लागले की त्यालाच विचारावे, ‘बाळा, हे काकांना पाठवू का?’ त्याने नको म्हटले तर पाठवू नये.

वाचकहो, आज पडवीत बसलेले मूल वीस वर्षांनी ही चित्रे आपल्या हाती घेईल. त्यात त्यास आपला खरा वर्ण, आपले पडलेले दात, आपले मातीने भरलेले हात दिसोत. आणि मी जसा होतो तसाच माझ्या माणसांस आवडत होतो, असे त्यास म्हणता येवो.