आजचं चिंतन : दुःख आणि धृती एकाच शेतात



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ५ आणि ६.

बरेच महिने इथे रोजचं चिंतन आलं नाही. काहींनी विचारपूस केली, मी "जरा तब्येत बरी नाही" एवढंच कळवलं. आज नीट सांगते, कारण आजचा श्लोक ते सांगितल्याशिवाय मला समजावता येणार नाही.

नोव्हेंबरमध्ये आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. वय ३६. दुखत नव्हती, म्हणून "रिलीज झाला की दाखवू" असं म्हणत मी तीन आठवडे काढले. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी. कॅन्सरच निघाला. केमोच्या आठ फेऱ्या झाल्या आणि मे महिन्यात पुण्यात शस्त्रक्रिया. डावा स्तन काढला, काखेतले काही लिम्फ नोड्स काढले, आणि त्याच ऑपरेशनमध्ये माझ्याच पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी घेऊन छातीवर नवा उंचवटा तयार केला. आता पाच वर्षं रोज एक गोळी.

सध्या मी चंदगडला, आईकडे आहे. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. लॅपटॉप उघडला तो ऑफिससाठी नाही, तुमच्यासाठी.

आधी एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी याच ठिकाणी मी दुसऱ्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकावर लिहिलं होतं. जुनं वस्त्र टाकून नवं घालावं तसा आत्मा देह बदलतो, तो श्लोक. त्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं की, शरीर म्हणजे फक्त कपडा, आजारपणात त्याचं दुःख करत बसणं हे अज्ञान. खूप जणांना तो लेख आवडला होता.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, बाथरूमच्या आरशासमोर मी पहिल्यांदा गाऊन बाजूला केला. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत पोटावर टाक्यांची रेघ. छातीवर माझीच कातडी, पण तिथे हात लावला तर हात लागल्याचं कळत नव्हतं. याच स्तनाने मी माझ्या लेकीला पाजलं होतं. मी तोंडात टॉवेल धरून रडले. आणि रडताना मला माझाच लेख आठवला. कपड्यासाठी कुणी असं रडतं का?

तेव्हा वाटलं, एक तर गीता खोटी किंवा माझी भक्ती खोटी.

तिसरी शक्यता सुचायला मला चंदगडला यावं लागलं. माझं वाचन अर्धवट होतं. तो श्लोक भगवंतांनी रणांगणावर, समोरच्यांच्या मृत्यूच्या विचाराने खचलेल्या अर्जुनाला सांगितला आहे. जिवंत माणसाच्या जखमेवर ठेवून "गप्प बस" म्हणण्यासाठी तो नाही. जगणाऱ्या देहाबद्दल भगवंत बोलतात ते तेराव्या अध्यायात. तिथे ते देहाला वस्त्र म्हणत नाहीत. ते त्याला क्षेत्र म्हणतात. क्षेत्र म्हणजे शेत.

आता शेत म्हटलं की चंदगडच्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. सध्या आमच्याकडे भाताची रोप लावण चालू आहे. गुडघाभर चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, वाकलेल्या बायका आणि हातात रोपांच्या मुठी. मला चिखलात उतरायला बंदी. काखेतले नोड्स काढले की त्या बाजूच्या हाताला साधी जखम, साधा जंतुसंसर्गही महागात पडू शकतो, हात सुजू शकतो. म्हणून मी छत्री घेऊन बांधावर बसते.

परवा तशीच बसले होते. चार दिवसांपूर्वी लावलेली रोपं पिवळी पडून आडवी झाली होती. मी आईला म्हटलं, "ही गेली वाटतं." आई चिखलातूनच हसली.

"आज लावलं नि उद्या हिरवंगार, असं कुठं असतंय व्हय? एका जागेवरनं उपटून दुसऱ्या जागी लावलंय त्याला. आधी मान टाकतंय, पिवळं पडतंय. आठ-धा दिस पाण्यात उभं ऱ्हायलं की मग मूळ धरतंय. तवर त्याला कुणी नावं ठेवत न्हाई."

आई माझ्याबद्दल बोलत नव्हती, भाताबद्दलच बोलत होती. पण मी छत्री खाली घेतली, कारण डोळे भरून आले होते.

माझ्या छातीवर हेच तर झालंय. पोटावरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढला आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडल्या. पहिल्या दोन रात्री सिस्टर दर तासाला येत. हाताच्या पाठीने तो भाग उबदार आहे का बघत, रंग बघत, मग डॉप्लर टेकवून आतल्या रक्ताचा आवाज ऐकत. सूं-सूं आवाज आला की म्हणत, "छान, झोपा." मी नोकरीत सर्व्हर जिवंत आहे का हे बघणारी माणूस, पहिल्यांदाच दुसरं कुणीतरी माझ्यावर रात्रभर पहारा देत होतं. रोप जगलंय का, एवढंच ते बघत होते. हिरवं दिसतंय का, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. ते फक्त मी विचारत होते.

आता आजचे दोन श्लोक. भगवंत या क्षेत्रात काय काय आहे याची यादी देतात. पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, इंद्रियं, मन, इंद्रियांचे विषय. मग इच्छा, द्वेष, सुख, दुःख. मग हा सगळा संघात, म्हणजे एकत्र आलेला देहसमूह. मग चेतना आणि शेवटी धृती.

मंडळी, दुःख यादीत आहे! ते बाहेरून शेतात घुसलेलं जनावर नाही, ते शेतातच उगवणारं आहे. मी जी आरशासमोर रडले ते माझ्या वैराग्यातलं बग नव्हतं. ज्याला शेत आहे त्याच्या शेतात हे येणारच, असं स्वतः भगवंत सांगतायत. आणि त्याच यादीत, त्याच शेतात, धृतीसुद्धा आहे. धृती म्हणजे धरून ठेवणारी शक्ती. दुःख आधी पूर्ण उपटून टाका आणि मग धृती पेरा, असं कुठेही म्हटलेलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी उगवतात.

ज्ञानेश्वर माउलींनी धृतीचा अर्थ फार सुंदर उलगडला आहे. त्याचा भाव माझ्या शब्दांत सांगते. पाच महाभूतांचं एकमेकांशी वैर आहे. पाणी मातीला विरघळवतं, तेज पाण्याला सुकवतं, वाऱ्याचं आणि तेजाचं जमत नाही, आकाश वाऱ्याला गिळून टाकतं. असे पाच वैरी या देहात मात्र भांडण विसरून एकत्र नांदतात, इतकंच नाही, एकमेकांना पोसतात. ज्या धैर्याने हे जमतं, ती धृती.

हे वाचून मी थांबले. धृती म्हणजे दात-ओठ खाऊन सहन करणं, असं मी समजत होते. माउली म्हणतात ती धृती माझ्या निश्चयाच्या आधीच देहात काम करत होती. मी शुद्धीवर नव्हते तेव्हा पोटाच्या रक्तवाहिनीने छातीची रक्तवाहिनी आपली म्हटली. अंगाला लावलेल्या ड्रेनच्या नळ्यांमधलं पाणी रोज मोजायचं होतं, चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढणार. ते कमी होत गेलं ते काही माझ्या जपाच्या संख्येमुळे नाही. जप मी केला, त्याने मला रात्र काढायला बळ दिलं. पण जखम भरून आणणारी शक्ती मी जप विसरले त्या दिवशीही थांबली नव्हती. हरीची कृपा म्हणजे काय, हे मला त्या प्लास्टिकच्या बाटलीवरच्या आकड्यांनी शिकवलं.

एका मैत्रिणीने प्रेमानेच विचारलं होतं, "जीव वाचला ना, मग हे नवं करून घ्यायची काय गरज? एवढी गीता वाचतेस, तरी देहाचा मोह?" प्रश्न खोटा नाही. अनेक स्त्रिया रिकन्स्ट्रक्शन करत नाहीत, सपाट छातीने ताठ जगतात, आणि तो निर्णयही तितकाच पूर्ण आहे. पण करून घेणं म्हणजे मोह, असं मला आता वाटत नाही.

तुम्हाला कावसजीची गोष्ट माहीत आहे? शेतकरी घरातला मराठा माणूस, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग आपल्या पुण्याजवळ, विटा भाजणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर पसरून तेवढी कातडी सोडवली, आणि दोन डोळ्यांच्या मधे एक छोटी पट्टी जोडलेलीच ठेवून ती कातडी खाली वळवली, म्हणजे रक्त चालू राहील. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून तिकडचे डॉक्टर हे शिकले. आज जगभर जी प्लास्टिक सर्जरी चालते तिच्या मुळांपैकी एक मूळ आपल्या मातीत आहे.

त्या कारागिराने कावसजीला "आत्म्याला नाक नसतं" असं सांगून परत पाठवलं नाही. शेताचा बांध फुटला तर शेतकरी तो घालतो. त्याला कुणी मोह म्हणत नाही.

शेवटचं सांगते, जे सगळ्यात जास्त बोचत होतं. आषाढी जवळ आली. आमच्या घरी विठ्ठलाची पूजा लहानपणापासून माझ्याकडे. यंदा मी टाळत होते. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, हे डोक्यात बसलेलं. मूर्ती चालत नाही तर खंडित पुजारीण कशी चालेल? हे कुणी मला म्हटलं नव्हतं, मीच मला म्हणत होते.

आईने काही न बोलता देव्हाऱ्यातला पितळी विठ्ठल माझ्या हातात दिला. आजीच्या आधीपासूनचा. नाक-डोळे इतके झिजलेत की ओळखीनेच तो विठ्ठल म्हणायचा. "झिजला म्हणून देव बदलतात व्हय? हात लागून लागून झिजलाय त्यो."

मग मला आठवलं, पंढरपूरच्या विठुरायाच्या मूर्तीचीही झीज होते. इतक्या वर्षांचे अभिषेक, लाखो माथी त्या पायांवर टेकलेली. म्हणून मूर्तीला वज्रलेप करतात. २०२० मध्ये मंदिर बंद असतानाच्या काळातही तो झाला होता. माझा देवसुद्धा डागडुजी करून घेतो, मंडळी! आणि खंडित मूर्ती विसर्जित करतात ती त्यातला प्राण गेला असं मानून. माझ्यात प्राण कुणी घातलाय? त्यानेच. आणि तो गेलेला नाही.

मी पूजा केली. डावा हात अजून खांद्याच्या थोडाच वर जातो. भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्यात, रोज बोटांनी चढत तिथपर्यंत जायचं. तुळशीहार उजव्या हाताने घातला. विठ्ठलाने काही तक्रार केली नाही.

क्षेत्राला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, त्याला सुरी लागत नाही, हे खरंच आहे. पण ते मला आज आधार म्हणून कळतं, दटावणी म्हणून नाही. आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या लेखामुळे तुमच्यापैकी कुणी आपलं रडू गिळलं असेल, तर त्याची मी क्षमा मागते.

आजसाठी तीन छोट्या गोष्टी :

पहिली. तेराव्या अध्यायातले हे दोन श्लोक सावकाश वाचा. 'दुःख' शब्दावर थांबा, आणि तुमचं जे असेल ते त्या जागी ठेवा. मग 'धृती'पर्यंत या.

दुसरी. ओळखीत कुणी आजारातून उठत असेल तर आज तत्त्वज्ञान सांगू नका. डबा न्या, फाइल धरून डॉक्टरकडे सोबत जा, शेजारी बसा.

तिसरी, खास मैत्रिणींसाठी. स्तनात गाठ, आकारात बदल, कातडी ओढली जाणं, स्तनाग्रातून स्राव, असं काही जाणवलं तर लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. मी तीन आठवडे थांबले. क्षेत्राची राखण हीसुद्धा सेवाच आहे.

हे विठ्ठला, शेत तुझं आहे. पेरलंस तू, काही उपटलंस तू, दुसरीकडे लावलंसही तूच. आता आम्ही पिवळे दिसतो, मान टाकली आहे. मूळ धरेपर्यंत पाणी तेवढं असू दे.

राम कृष्ण हरी!