अलंकार कशासाठी?

दागिना अंगावरून उतरवून ठेवता येतो, म्हणूनच तो दागिना, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. वर्गात भाषेचे अलंकार शिकवतानाही मी तेच सांगत आलो: आधी विचार, मग त्यावर उपमा-उत्प्रेक्षांचा साज. ही समजूत हलली ती मात्र एका परक्या वाद्यामुळे.

आयर्लंडच्या इलन पाइप्स या वाद्याच्या नावातच कोपर आहे. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी आणि मांडीवर सूरनळी. वादक तोंडाने फुंकतच नाही. हवा वाहते तोवर सूर चालू. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवायचा? बासरीवाला जिभेने सूर तोडतो. इथे जिभेला कामच नाही. नळीचे तोंड मांडीवर दाबून सूर थांबवता येतो. पण ओघ राखायचा असेल तर वादक वरचे एक बोट निमिषभर उचलून पुन्हा टेकवतो. वरचा स्वर नीट कानी पडण्याआधीच विरतो आणि एकाचे दोन स्वर होतात. हा 'कट'. वरून कट आणि खालून बोटाची टिचकी, असे मिळून 'रोल' होतो. पण सर्वांत खालच्या स्वराला सगळी भोके झाकलेली असतात; टिचकी मारायला बोट उरत नाही. तिथे निरनिराळ्या बोटांनी भराभर कट घेतात, तो 'क्रॅन'. म्हणजे ज्याला आपण नक्षी म्हणतो, ती अडचणीतून काढलेली वाट आहे!

ही बोटे शिकायची कोणाकडून? दुसऱ्याकडूनच. मग उसन्या अलंकाराला आपला म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे का? क्लेअर परगण्यातला विली क्लॅन्सी (१९१८–१९७३) हा जॉनी डोरन (१९०८–१९५०) या भटक्या वादकाला ऐकून भारावला होता. डोरनचे वादन १९४७ साली तबकड्यांवर उतरवून घेतले गेले. पुढच्याच वर्षी त्याच्या गाडीघरावर भिंत कोसळली आणि तो पंगू झाला. क्लॅन्सीने त्याच्याकडून घेतले, तरी त्याचे वादन डोरनची नक्कल राहिले नाही. कारण धून पुन्हा पुन्हा फिरून येते, आणि त्याच जागी या खेपेस कट घ्यावा, रोल घ्यावा की स्वर साधाच सोडावा, हे प्रत्येक वेळी ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. बोटे उसनी मिळतात. निवड उसनी मिळत नाही.

हे कळले तेव्हा मला एक जुनी वही आठवली. एका मुलाने निबंधात लिहिले होते, "आजोबा गेले. त्यांची काठी अजून दारामागे आहे." मी लाल शाईने शेरा मारला, 'भाषा अलंकारिक हवी', आणि दोन गुण कापले. पुढच्या निबंधात चंद्र आला, कमळ आले. काठी मात्र गेली.

ती काठी हाच त्याचा अलंकार होता. सगळ्यांच्या आजोबांपासून त्याचे आजोबा तिनेच वेगळे केले होते. त्या कटाने एकाच स्वराचे दोन करावेत तसे. तो मुलगा आता कुठे असतो, मला ठाऊक नाही. दोन गुण मात्र माझ्याकडे त्याचे अजून बाकी आहेत.