दोन मिलिमीटरांचा दुष्काळ

‘हवामान कायमच बदलत आलंय. लोणारच्या गाळात बघा, चौदाशे वर्षं कोरडी दिसतात. म्हणून माणसं संपली का? सातवाहन झाले, वाकाटक झाले, यादव झाले. माणूस जमवून घेतो.’ ओळखीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी साखरपुड्याच्या पंगतीत हे ऐकवलं आणि गप्पा दुसरीकडे गेल्या. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. माहिती चुकीची असती तर सोडून देता आलं असतं. पण ती बरोबर होती.

लोणार उल्केच्या आघाताने झालं, पाणी खारट आहे, २०२०च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. विवराचं वय पन्नास हजार वर्षं की साडेपाच लाखांच्याही वर, हा वादही बाजूला ठेवू. इथे महत्त्वाचं एवढंच, की या सरोवरातून एकही ओढा बाहेर निघत नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं आणि मुख्यतः वाफ होऊनच जातं. पाऊस घटला की पातळी उतरते, क्षार दाट होतात आणि तळाच्या चिखलात गेलुसाइट नावाचे स्फटिक धरू लागतात. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी पाण्यावर तरंगता मंच उभारून, तळात पोकळ नळी रोवून सुमारे १० मीटर गाळ तुकड्यातुकड्याने वर काढला. असा तुकडा उभा चिरला की राखाडी-काळपट थर एकावर एक दिसतात, आणि काही थरांत ते स्फटिक नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. थरांचं वय ठरवणं हे खरं जिकिरीचं काम. पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे वय फसवं येतं, म्हणून काठावरच्या झाडाचं गळून पडलेलं पान, एखादी काडी चिखलातून शोधून काढावी लागते. या खटाटोपातून अकरा हजार वर्षांच्या पावसाचा अंदाज हाती आला. दीर्घ कोरडे काळ दोन निघाले: एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्या गृहस्थांची चौदाशे वर्षं ती हीच.

भूतकाळाच्या पुराव्यात मी नेहमी एक फरक करतो: खूण आणि नोंद. शिलालेख, बखर, दफ्तर या नोंदी. कुणीतरी कुणासाठी तरी केलेल्या. त्यांत हेतू असतो, लाज असते, स्तुती असते. गाळातले परागकण, स्फटिक, कोळशाचे कण या खुणा. त्या कुणासाठी राहिलेल्या नसतात. म्हणून माझा ओढा कायम खुणेकडे. ‘पूर्वी मृगाचा पाऊस कसा वेळेवर यायचा’ असं कुणी म्हणालं, तर मी आठवणीपेक्षा चिखलावर विश्वास ठेवीन.

त्याच भरवशावर मी उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. माझी बाजू ठरलेली होती: पाऊस हलला की संस्कृती हलते, तळ्यांचा गाळ हेच सांगतो. याचं गाजलेलं उदाहरण राजस्थानचं. सांभर, डिडवाणा, लूणकरणसर इथल्या खाऱ्या तळ्यांतले परागकण तपासून संशोधक गुरदीप सिंग यांनी १९७१ साली मांडलं, की हडप्पा संस्कृतीची भरभराट ओल्या काळात झाली आणि पाऊस उतरल्यावर तिचा ऱ्हास. कितीतरी वर्षं हे गृहीतच धरलं गेलं. मग १९९९ साली लूणकरणसरच्या गाळाची कालगणना पुन्हा झाली आणि निघालं असं, की हडप्पाची नगरं भरभराटीला येण्याच्या कितीतरी शतकं आधीच ते तळं कोरडं पडलं होतं. २०१४ साली हरियाणातल्या कोटला दहरच्या गाळातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांनी पुन्हा उलट दिशा दाखवली: सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस अचानक क्षीण झाला. तिकडे लोणारचा पहिला कोरडा काळ तर जवळपास हडप्पाच्या ऐन बहराचाच. लोणार आणि सिंधूचं खोरं यांत अंतर पुष्कळ, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही. पण माझी बाजू पहिल्यासारखी भक्कम राहिली नाही हे खरं.

गोदावरीने तर ती आणखी सैल केली. नदीने हजारो वर्षं वाहून नेलेला गाळ बंगालच्या उपसागरात साठला आहे आणि त्यात खोऱ्यातल्या झाडांच्या पानांवरचं मेण टिकून आहे. त्यावरून दिसतं की सुमारे ४००० ते १७०० वर्षांपूर्वीपर्यंत खोऱ्यात कोरड सोसणाऱ्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या. याच पर्वात उत्तरेत हडप्पाची नगरं विस्कटली आणि दक्षिणेत माणसं एका जागी राहून शेती करू लागली. पाऊस दोन्हीकडे ओसरत होता आणि घडत होतं ते मात्र उलटसुलट.

आपल्या इनामगावचंही तेच. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं दीर्घकाळ केलं. शेवटच्या टप्प्यात, इसवी सनपूर्व १००० ते ७००च्या सुमारास, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावरची भिस्त वाढली, आणि अखेर गाव उठलं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण अवर्षणात शोधलं. ते बरोबर असूही शकेल. पण लोणारच्या मोजमापात हा काळ दोन कोरड्या पर्वांच्या मधला आहे. म्हणजे गाळ ओला म्हणतो तेव्हा इथे गाव उठतं, आणि गाळ कोरडा म्हणतो तेव्हा लोणारपासून फार दूर नसलेल्या वाशीमला वाकाटकांची राजधानी नांदते, अजिंठ्याची लेणी खोदली जातात आणि खुद्द सरोवराकाठी देवळं उभी राहतात.

इथवर पाहिलं तर ते गृहस्थ जिंकल्यातच जमा. पण त्यांचं ‘जमवून घेतो’ मला पुढे सरकू देईना. मग मी साधा भागाकार केला. १० मीटर गाळ, ११ हजार वर्षं. सरासरीने एक सेंटिमीटर म्हणजे ११ वर्षं. १८७६ ते ७८चा दुष्काळ या हिशेबात दोन-अडीच मिलिमीटरांचा. नमुना घेणाऱ्याची पट्टी चिखलात जरा खोल गेली तर तो अख्खा दुष्काळ तिच्या टोकावर येईल, आणि आधीनंतरच्या बऱ्या वर्षांत मिसळून नाहीसा होईल. त्या दोन मिलिमीटरांत दख्खनची लाखो माणसं मेली. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेल्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेल, असं ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने त्याच काळात ठरवलं. हे आपल्याला कळतं ते नोंदींमुळे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकिकत जमवली, सरकारला लिहून कळवली. त्या लिहिण्यात हेतू होता, संताप होता, बाजू घेणं होतं, आणि म्हणूनच ते कुठल्याही स्फटिकाहून जास्त सांगतं.

१९७२चा दुष्काळ याच्या शेजारी ठेवून पाहा. पाऊस तेव्हाही सलग दगा देऊन गेला. पण वि. स. पागे यांनी आखलेल्या रोजगार हमीच्या धर्तीवर रस्ते, बंडिंग, पाझर तलावांची कामं निघाली आणि लाखो माणसं त्यांवर जगली. हाल थोडे झाले नाहीत. सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक अजून भेटतात. तरी १८७७ आणि १९७२ यांतला फरक आभाळात शोधून सापडणार नाही. तो धान्य कुठून कुठे गेलं, मजुरी किती मिळाली आणि ती कुणी ठरवली यात आहे. गाळाला यातलं काही कळत नाही, कळण्याचं कारणही नाही.

म्हणून त्या चौदाशे वर्षांकडे बोट दाखवून ‘माणसं जगली’ म्हणणं मला मान्य नाही. गाळात पावसाची खूण आहे. भुकेची तिथे राहूच शकत नव्हती. ती दिसत नाही म्हणून भूक नव्हती असं धरून चालणं हा खुणेचा दुरुपयोग आहे. आणि हे मी माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगेन. कोरडा थर दाखवून साम्राज्य बुडवणारेही गाळाला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घालतात. इनामगावच्या माणसांनीही जमवून घेतलं, गाव सोडून. आज बुलढाण्या-बीडमधून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही जमवूनच घेतात. कुणी, किती गमावून जमवलं, हे सांगायला नोंदच लागते. इतकी वर्षं खुणेला वरचं पान वाढत आलो, ते आता मला पटत नाही.

दोन्ही एकत्र वाचता येतील अशी जागा महाराष्ट्रात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी तलाव कित्येक पिढ्यांचे आहेत. त्यांतले अनेक कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले. १८९६ आणि १८९९चे दुष्काळ त्यांनी पाहिले आहेत, आणि त्याच गावांचे सारा-बंदोबस्ताचे कागदही झालेले आहेत. उथळ तलावात गुरं उतरतात, गाळ उपसला जातो, थर विस्कटतात, हे खरं. जागा खोलगट पाहून निवडावी लागेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून जेसीबी लावून तलावांचा गाळ शेतात पडतो आहे. त्याला माझा विरोध नाही. हलक्या जमिनीला तो गाळ मिळायलाच हवा, आणि तलावात पाणीही मावायला हवं. फक्त जुन्या तलावात यंत्र उतरण्याआधी खोल भागातून एक-दोन नळ्या गाळ काढून, सीलबंद करून, थंड जागी ठेवायचं ठरवून टाकावं. त्या नळीवर गावाचं नाव घालावं, आणि त्या गावचे बंदोबस्ताचे कागद, जन्ममृत्यूची पुस्तकं, म्हाताऱ्यांनी सांगितलेलं तिच्याबरोबर एकाच कपाटात ठेवावं.