तडा गेल्यावर कोणाला बोलावणार?

अलिबागकडच्या एका नव्या बंगल्यात यजमान कौतुकाने म्हणाले, "बघा, अगदी आपल्या मातीतलं घर!" भिंत जांभ्याची. निदान वाटत तरी होती. खिडकीच्या कोपऱ्यावर टवका उडाला होता, तिथे बोटभर जाडीची जांभ्याची फरशी, मागे पांढरट चिकटा आणि त्यामागे सिमेंटचा गिलावा दिसत होता. चिऱ्याचं मोठेपण त्याच्या वजनात. इथे तो वॉलपेपरसारखा डकवलेला.

आर्किटेक्ट लॉरी बेकर आणि स्थानिक बांधकाम-साहित्य हे आपण सगळे पाठ म्हणू शकतो. माझी कसोटी साधी आहे. घर इथलं दिसतं का, हे विचारूच नये. आर्किटेक्ट निघून गेल्यावर भिंतीला तडा गेला, तर पंचक्रोशीतला गवंडी तो बुजवेल का?

मावळातलं वडेश्वरचं शिवमंदिर या कसोटीला सहज उतरतं. मुंबईचे आर्किटेक्ट समीप पडोरा यांच्या संस्थेने ते २०१० साली गावकऱ्यांच्या श्रमदानातून उभं केलं, जवळच्याच खाणीतल्या दगडात. शिखर ओळखीचं, पण कोरीवकामाला फाटा. मंडप बांधलाच नाही. भोवतालची झाडं हाच मंडप.

पण त्याच संस्थेचं कोपरगावच्या शारदा शाळेतलं माया सोमय्या ग्रंथालय? पातळ विटांचं छत वळत-झुकत जमिनीतून उठतं. पोरं खाली वाचतात आणि वर हुंदडतात. मला ते फार आवडतं. माझ्या कसोटीत मात्र सपशेल नापास: पद्धत कॅटलोनियाची, आकार संगणकावर बेतलेला.

हे यजमानांना सांगितलं, तर ते उसळलेच. "मग माझ्या जांभ्याने काय घोडं मारलंय?" जांभ्याने नाही हो, त्या चिकट्याने! टवका बसवायला तुमच्याकडे मुंबईहून माणूस येतो.

पण कोपरगावच्या पद्धतीच्या परकेपणाचा मुद्दा डोक्यात राहिला. मंगलोरी कौलाचंच बघा. बासेल मिशनच्या युरोपी मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. आज कोकणातल्या घराचं चित्र काढायला सांगा, पोरगं तेच लाल कौल रंगवेल. पावसाआधी कोणीही छपरावर चढून फुटकं कौल बदलू शकतो, म्हणून ते इथलं झालं.

इथवर ठीक. पण याच वाटेने गेलं तर गाठ पडते स्लॅबशी. सेंट्रिंगवाले, सळया बांधणारे, मिक्सरपासून हातोहात घमेली चढवणाऱ्या बाया: तालुक्याच्या गावी सगळे एका फोनवर हजर. म्हणजे आज महाराष्ट्रातलं सर्वांत स्थानिक छत म्हणजे ती रटरटून तापणारी स्लॅब! उन्हाळ्याच्या रात्री तिच्याखाली तळमळत काढूनही मला हे कबूल करणं भाग आहे.

मग कोपरगावला आजच नापास का करा? कौलालाही पहिल्या वर्षी शाकारणारा मिळाला नसेल. त्या विटा रचलेल्या हातांनी पुढे कुठे, आर्किटेक्टला न विचारता, एखाद्या गोठ्यावर किंवा समाजमंदिरावर तसं छत वळवलं का, ते पाहावं. थोडं ओबडधोबड झालं तर मला जास्तच आवडेल.