लढाऊ गाडी आणि नागरी ठिणगी

माझा एक मावसभाऊ पुष्कळ वर्षें अमेरिकेंत असतो. तेथील सैन्यांतून निवृत्त झालेली एक जीप त्याच्याजवळ होती. कोरियाच्या युद्धाच्या सुमारास, १९५० ते १९५२ या काळांत, विलीज कंपनीनें 'एम-३८' या नांवाच्या ज्या जीप सैन्यासाठीं बांधल्या, त्यांपैकीं ती एक. तिच्यांतील ठिणगी पाडणारी सैनिकी यंत्रणा काढून त्यानें साधी नागरी यंत्रणा बसविली, आणि कांहीं दिवसांनीं मला लिहिलें, "दादा, गाडी आतां बिनतक्रार चालते. पण ती विकावयाची आहे, आणि घेणारे वृद्ध गृहस्थ बाहेरूनच पाहून खूष आहेत. त्यांनीं विचारलें नाहीं, मीं सांगितलें नाहीं. यांत माझें कांहीं चुकलें का?"

यंत्राच्या पोटांतील चार तारा बदलल्या तर त्यांत धर्माधर्माचा विचार तो काय करावयाचा, असें वाचकांस वाटेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु काय काढलें आणि काय घातलें हें समजून घेऊं लागलों, तेव्हां प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं हें ध्यानांत आलें.

पेट्रोलच्या इंजिनांत नेमक्या क्षणीं ठिणगी पडावी लागते. बॅटरीचा अल्प विद्युद्दाब कॉइल पुष्कळ पटींनीं वाढविते, आणि डिस्ट्रिब्यूटर तो पाळीपाळीनें एकेका प्लगाकडे पोंचवितो. नागरी जीपमध्यें हा सारा संसार उघड्यावर मांडलेला असतो. एम-३८ मध्यें मात्र कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर दोन्ही एकाच घट्ट मिटलेल्या डब्यांत कोंडलेलीं असून तारांना व प्लगांनाही धातूचें कवच असतें. याचें एक कारण उघड आहे. गाडी नदीनाल्यांतून न्यावयाची म्हणजे ठिणगीला पाणी लागतां कामा नये. दुसरें कारण अधिक मनोवेधक आहे. प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा बिनतारी संदेशच होय. आरंभींचीं बिनतारी यंत्रें ठिणगीवरच चालत असत. उघड्या ठिणगीची खरखर गाडींतल्या व शेजारच्या संदेशयंत्रांत ऐकूं येते, आणि रणांगणावर तेवढ्यानें हुकूम ऐकावयाचा राहून जाईल! म्हणजे तें कवच इंजिनाच्या सुखासाठीं नव्हतेंच. तें दुसऱ्याच्या कानासाठीं होतें.

या बंदोबस्तालाही किंमत द्यावी लागते. कोंडलेल्या हवेंत ठिणग्या पडूं लागल्या कीं गंजविणारे वायू उत्पन्न होतात व ओलावा सांचतो. म्हणून डब्याला नळ्या जोडून आंतली हवा खेळती ठेवावी लागते. ती व्यवस्था बिघडली कीं डबा आंतून कुजूं लागतो. भावाच्या गाडीचें तेंच झालें होतें. नवा सैनिकी डबा महाग. नागरी भाग स्वस्त आणि सहज मिळणारा. त्यानें केलें तें आपणांपैकीं बहुतेकांनीं केलें असतें.

मग ती गाडी तीच राहिली काय? भिक्षु नागसेनानें मिलिंद राजाला पटवून दिलें कीं चाक, आंस, जूं यांपैकीं कोणतेंही एक म्हणजे रथ नव्हे, आणि या सर्वांहून निराळा असा रथही कोठें सांपडत नाहीं. युक्तिवाद बिनतोड खरा; पण नागसेनाला रथ विकावयाचा नव्हता.

शिवाय या गाडीचें कूळ पाहिलें तर 'मूळ' या शब्दाची फारशी मिजास उरत नाहीं. १९४१ ते १९४५ पर्यंत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक लढाऊ जीप बांधल्या. युद्ध संपतांच १९४५ मध्यें त्याच घाटाची नागरी जीप शेतकऱ्यांसाठीं बाजारांत आली. पुढें तिची सुधारलेली आवृत्ति 'सीजे-३ए' निघाली. आणि या नागरी गाडीला पुन्हा गणवेष चढवून एम-३८ तयार झाली. दोघींचें चार सिलिंडरांचें इंजिन एकच. म्हणूनच नागरी डिस्ट्रिब्यूटर सैनिकी इंजिनांत आपल्याच घरीं आल्यासारखा बसतो. शिपायानें अंगरखा उतरवून शेतकऱ्याची बंडी घातली, इतकेंच. यांत मला पाप दिसत नाहीं.

पाप शिरतें तें काम करण्याच्या रीतींत. एम-३८ ची वीज २४ व्होल्टांची. बारा-बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडलेल्या. नागरी कॉइलीला बारा व्होल्ट पुरतात. तेव्हां उतावीळ मनुष्य एकाच बॅटरीवरून तार ओढून मोकळा होतो. गाडी चालते, पण जोडींतल्या एकाच बैलाकडून ज्यादा काम घ्यावें आणि वैरण मात्र दोघांपुढें सारखी टाकावी, तसा हा प्रकार आहे. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरीला अजीर्ण होतें, आणि लवकरच दोन्ही निकामी होतात. वाटेंत योग्य रोधक घालणें हा थोडा अधिक खटाटोपाचा, परंतु सरळ मार्ग. भावानें तो पत्करला होता. गाडीच्या पत्र्याला त्यानें कोठें नवें भोंक पाडलें नव्हतें, मूळच्या तारा तोडल्या नव्हत्या, आणि जुना डबा कवचासकट एका पेटींत जपून ठेवला होता. पांडवांनीं शस्त्रें शमीवर ठेवलीं तीं मोडून नव्हे. हें वाचून माझें मन निम्में हलकें झालें.

उरलेलें निम्में गिऱ्हाइकाविषयीं होतें. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास विक्रेता बांधलेला नाहीं, असें बाजार म्हणतो. परंतु त्या गृहस्थांस काय विचारावें हें ठाऊक नसेल, तर त्यांचें मौन म्हणजे संमति कशी? मीं लिहिलें, "त्यांनीं म्हणण्याची वाट न पाहतां तूंच झांकण उघडून दाखव, आणि ती पेटी पुढें ठेव."

तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. गृहस्थांनीं किंमत बरीच खालीं आणली, आणि भावाला तें झोंबलें होतें. पत्राच्या अर्ध्या भागांत त्याचाच हिशेब होता. पण खालीं एक ओळ होती. त्या गृहस्थांनीं गाडींत बसविण्यासाठीं त्याच काळांतलें सैनिकी बिनतारी यंत्र घेऊन ठेवलें होतें. उघड्या ठिणगीवर त्यांना खरखरीवांचून कांहीं ऐकूं आलें नसतें. त्यांनीं गाडीच्या आधीं ती पेटीच उचलून आपल्या मोटारींत ठेवली.